प्रिंट स्क्रीन पडद्याकडे बघतच नाही

लॅपटॉपच्या पडद्याचा उजेड अगदी मंद करा, अक्षरं जेमतेम दिसतील इतका. आता स्क्रीनशॉट घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. चित्र लख्ख! पडद्याला तडा गेलेला असो की त्यावर बोटांचे ठसे असोत, स्क्रीनशॉटमध्ये त्यातलं काहीच उतरत नाही. कारण हा फोटो नव्हेच. कुठल्या ठिपक्याला कुठला रंग द्यायचा याचे आकडे मेमरीत मांडून ठेवलेले असतात, त्यांची ही नक्कल आहे. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. एका ठिपक्याला साधारणपणे चार बाइट धरले, तर ८० लाखांहून जास्त बाइट डोळ्याचं पातं लवायच्या आत उतरवून घेतले जातात.

स्क्रीनशॉट घ्यायचं बटण म्हणजे ‘प्रिंट स्क्रीन’. १९८१ साली आयबीएमचा पीसी आला तेव्हा या बटणाचं नाव शब्दशः खरं होतं. शिफ्ट धरून ते दाबलं, की पडद्यावरचा मजकूर थेट प्रिंटरवर छापून यायचा. २५ ओळी, ओळीत ८० अक्षरं, एवढाच सगळा कारभार. विंडोजमध्ये कागद गेला आणि नक्कल क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेलं तात्पुरतं ठेवायच्या जागेत, जाऊ लागली.

या नकलेत माउसचा बाण बहुधा नसतो. तो वेगळ्या थरात असतो आणि चित्र पडद्याकडे निघताना ग्राफिक्स कार्ड तो वरून ठेवतं. विंडोज एक्सपीच्या काळात सिनेमाचंही असंच होतं. प्लेअर आपल्या चौकटीत नुसता एक ठरावीक रंग भरायचा, आणि तो रंग दिसेल तिथे कार्ड सिनेमा दाखवायचं. स्क्रीनशॉटमध्ये यायचा तो फक्त रंग. पण तो स्क्रीनशॉट पेंटमध्ये पेस्ट करून बरोबर त्याच जागी आणला, की चित्रातही सिनेमा चालू! प्लेअर बंद केला की उरायचा रिकामा चौकोन. पडद्यावर दिसणारं आणि मेमरीत असलेलं वेगळं असू शकतं, याचा इतका सुंदर पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही.

आता नक्कल साठवायची कशात? चित्राच्या फाइलचे दोन नेहमीचे प्रकार म्हणजे पीएनजी आणि जेपेग. पीएनजीमध्ये एकही आकडा बदलत नाही; सलग पांढरे ठिपके असतील तर ते थोडक्यात नोंदले जातात, इतकंच. जेपेग मात्र चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे तुकडे पाडतं आणि त्यातले बारकावे सोडून देतं. आभाळाच्या किंवा चेहऱ्याच्या फोटोत ते कळत नाही. अक्षरांत कळतं. जेपेग केलेला मराठी मजकूर मोठा करून बघा: शिरोरेषेच्या वर-खाली करड्या ठिपक्यांची धूळ दिसेल, आणि अनुस्वार त्या धुळीतलाच एक वाटू लागेल. मराठीत ‘घर’ आणि ‘घरं’ यांत एवढ्याशाच खुणेचा फरक असतो, म्हणून मला हे फार खटकतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या स्क्रीनशॉटचं हेच होतं. निकाल, पावती, अर्ज असं काही असेल तर ती पीएनजी फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. समोरच्याला तेच आकडे पोचतील, जसेच्या तसे.