नोकरांचा जिना ते ओपन किचन

घरातला पॅसेज ही तशी अलीकडची सोय. सतराव्या शतकापर्यंत युरोपातल्या मोठ्या घरांत बहुधा एका खोलीतूनच दुसरीत जावं लागे. मधल्या खोलीत कोणी झोपलेलं असो की जेवत बसलेलं, वाट तिथूनच. मालक, पाहुणे, नोकर सतत एकमेकांसमोर येत आणि त्यात कोणाला फारसं वावगं वाटत नसे.

पुढे ते वाटू लागलं. इंग्लंडमधल्या कोल्सहिल इथे वास्तुकार रॉजर प्रॅटने १६५०च्या दशकात उभारलेल्या हवेलीत घराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पॅसेज होता आणि दोन्ही टोकांना नोकरांचे जिने. मधला भव्य जिना मालकांचा. साध्या नोकरांची ये-जा चारचौघांना दिसू नये, हा हेतू प्रॅटने लिहूनच ठेवला आहे. पॅसेजमुळे प्रत्येकाला एकांत मिळाला, असं आपण सहज म्हणतो. पाणी आणि कोळसा वाहणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, हे विचारायला हवं.

एकोणिसाव्या शतकात हीच मांडणी लहान होऊन शहरी मध्यमवर्गाच्या घरांत आली. स्वयंपाकघर तळघरात, मोलकरणीची खोली माळ्यावर, आणि मधल्या मजल्यांवर कुटुंब. त्याच शहरांत मजुरांची घरं पाठीला पाठ लावून बांधलेली असत. तीन बाजूंना शेजाऱ्याची भिंत, खिडक्या फक्त समोर, संडास सामाईक अंगणात. अशी नवी घरं बांधायला ब्रिटनमध्ये १९०९च्या कायद्याने बंदी आली.

दरम्यान घरकामाला माणसं मिळेनाशी झाली. पहिल्या महायुद्धात बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत गेल्या. नंतर अनेकींना मोलकरीण म्हणून परतायचं नव्हतं. आता मध्यमवर्गातली गृहिणी स्वतःच चुलीशी उभी राहिली आणि स्वयंपाकघर हा वास्तुकारांच्या विचाराचा विषय झाला. योगायोग म्हणायचा की काय!

मजूर कुटुंबांत तर घरचं काम पहिल्यापासून बाईच्याच अंगावर होतं. त्यांच्यासाठी जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेत वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांनी १९२६ मध्ये जेमतेम १.९ मीटर रुंद स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारमधल्या स्वयंपाकघराचा आदर्श, गृहिणीच्या पावलांचा हिशोब, भिंतीला लागून कपाटं आणि ओटा. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बसवली गेली. श्रम वाचले खरे, पण जागा एकाच माणसापुरती होती. हातभार लावायला दुसरं कोणी आलं तर उभं कुठे राहणार? काम बाईनेच, एकटीने करायचं, हे आराखड्याने गृहीत धरलं होतं. स्वतः लिहोत्स्कींनी तोवर कधी स्वयंपाक केलेला नव्हता, हे त्यांनीच पुढे सांगितलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मधली भिंत हळूहळू पडली आणि स्वयंपाकघर बैठकीत उघडलं. धूर आणि वास खेचणारे पंखे घरोघरी आल्यावर ते सोपं झालं. हल्ली श्रीमंतांच्या काही नव्या घरांत या देखण्या ओपन किचनमागे दुसरं, बंद दाराचं स्वयंपाकघर असतं. फोडण्या आणि खरकटी भांडी तिकडे.