अंग्रिया बँकेवरची पंचवीस मिनिटं

विजयदुर्गाहून सरळ पश्चिमेला निघालं, की सुमारे 105 किलोमीटरवर समुद्राचा तळ वर चढलेला सापडतो. उत्तर-दक्षिण जवळपास 40 किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम साधारण 15 किलोमीटर पसरलेलं हे पाण्याखालचं पठार म्हणजे अंग्रिया बँक. समुद्राच्या नकाशांत अशा उंचवट्याला बँक म्हणतात, आणि नाव आलं आहे मराठा आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्यावरून. या पठाराचा सर्वांत उथळ भागही 20 मीटर खोल आहे. कितीही मोठी ओहोटी असो, त्याचा एक दगडही उघडा पडत नाही. वरून बोट गेली तर चारी बाजूंना नुसतं पाणी दिसतं. खाली जिवंत प्रवाळ आहेत.

महाराष्ट्राच्या समोर, भर समुद्रात, एवढं मोठं प्रवाळक्षेत्र असावं आणि त्याच्याबद्दल आपल्याला इतकं कमी ठाऊक असावं, याचं मला फार वाईट वाटतं. पण या अज्ञानाचं एक कारण अगदी शारीरिक आहे. माणसाला तिथे एका वेळी मिळतात पंचवीस-तीस मिनिटं.

मालवण-तारकर्लीला स्कूबा केलेले पुष्कळ वाचक असतील. तिथे पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्याला प्रशिक्षक हाताशी धरून काही मीटर खाली नेतो, मासे दाखवतो आणि वर आणतो. किनारा समोर दिसत असतो. एवढ्या खोलीला शरीरावरचा दाब फारसा वाढत नाही आणि सिलिंडरमधली हवाही बराच वेळ पुरते. अंग्रियावर मात्र प्रवाळ सुरूच होतो तो वीस मीटरनंतर.

समुद्राच्या पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, वीस मीटरवर तीन, पंचवीस मीटरवर साडेतीन. तोंडात धरलेला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून देणारं यंत्र, डायव्हरला भोवतालच्या दाबाचीच हवा देतो. तसं केलं नाही तर छाती फुगवताच येणार नाही. त्यामुळे पंचवीस मीटरवरच्या प्रत्येक श्वासात पृष्ठभागापेक्षा साडेतीनपट हवा खर्च होते. अकरा लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बार दाबाने हवा भरली, तर ती साधारण 2200 लिटर होते. त्यातला चौथा हिस्सा राखीव ठेवायचा, हा शिस्तीचा नियम. उरलेल्या 1650 लिटरवर, पृष्ठभागावर मिनिटाला 18 लिटर हवा घेणारा शांत डायव्हर पंचवीस मीटरवर सव्वीस मिनिटं राहू शकतो. खाली जाण्यायेण्याचा वेळ यातूनच वजा होतो. प्रवाहाविरुद्ध पोहावं लागलं तर हा आकडा झपाट्याने खाली येतो.

मोठा सिलिंडर नेला तर? मग नायट्रोजन आडवा येतो. हवेतला हा वायू एरवी आपल्या शरीरात काहीच करत नाही. दाबाखाली मात्र तो रक्तात आणि ऊतींमध्ये विरघळत जातो, खोली जितकी जास्त तितका भराभर. वर येताना दाब कमी होतो आणि हा नायट्रोजन फुफ्फुसांवाटे हळूहळू बाहेर पडावा लागतो. डायव्हर घाईने वर आला, तर नायट्रोजनचे रक्तात आणि ऊतींत बुडबुडे होतात, सोड्याच्या बाटलीचं बूच उडवल्यावर होतात तसेच. सांधे दुखण्यापासून मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी बोकडांवर आणि माणसांवर प्रयोग करून 1908 मध्ये वर येण्याची पहिली शास्त्रीय कोष्टकं प्रसिद्ध केली. आज मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर तेच गणित दर काही सेकंदांनी करत असतो. साधी हवा घेऊन पंचवीस मीटरवर गेलेल्या हौशी डायव्हरला, मध्ये न थांबता थेट वर येता यावं यासाठी, प्रचलित कोष्टक 29 मिनिटं देतं. तीस मीटरवर फक्त 20.

यावर उपाय आहे नायट्रॉक्स. सिलिंडरमध्ये 21 टक्क्यांऐवजी 32 टक्के ऑक्सिजन भरला, की नायट्रोजनचा वाटा घटतो आणि पंचवीस मीटरवरची मर्यादा 29 वरून सुमारे 45 मिनिटांवर जाते. पण दाबाखालचा जास्त ऑक्सिजन विषारी ठरतो. त्याने पाण्यातच झटके येऊ शकतात. म्हणून 32 टक्क्यांचं मिश्रण घेऊन साधारण 34 मीटरच्या खाली जायचं नाही. शिवाय नायट्रॉक्समुळे श्वासाचा खर्च कमी होत नाही, तेव्हा मोठा किंवा जोड सिलिंडर न्यावाच लागतो. तो भरायला बोटीवर कॉम्प्रेसर लागतो, मिश्रण करण्याची सोय लागते आणि ते प्रत्येक वेळी मोजून पाहणारा जबाबदार माणूस लागतो.

वेळेइतकीच अडचण एकटेपणाची. किनाऱ्याजवळच्या प्रवाळावर डायव्हर उतारावरून मासे बघत बघत वर येतो. अंग्रियावर असा उतार नाही. पठार सोडलं की वरचे वीस मीटर पार करताना डोळ्यांना धरायला काही नसतं. खाली निळं, वर निळं. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सुरक्षा-थांबा घ्यायचा तोही अधांतरी, नजर खोलीमापकावर ठेवून. तेवढ्यात प्रवाह नेत असतो. एका नॉटचा प्रवाह म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर, अर्ध्या तासात जवळपास एक किलोमीटर. उघड्या समुद्रात लाटांमधलं माणसाचं डोकं काहीशे मीटरवरून दिसत नाही. म्हणून अशा ठिकाणी डायव्हर थांबा घेतानाच दोरीला बांधलेला लांबट नारिंगी फुगा वर सोडतात आणि बोट इंजिन चालू ठेवून त्याच्या मागे जाते. नांगर टाकायचाच नाही, कारण नांगराची साखळी प्रवाळ चिरडते.

आणि कुणाला त्रास झालाच, तर? बुडबुड्यांच्या आजारावर खरा उपचार दाबकक्षात, म्हणजे हवेचा दाब वाढवता येणाऱ्या बंद खोलीत होतो. तोवर शुद्ध ऑक्सिजन देत राहायचं. दहा नॉटने जाणाऱ्या बोटीला अंग्रियाहून किनारा गाठायलाच पावणेसहा तास लागतात, दाबकक्ष असलेलं रुग्णालय त्याच्याही पुढे. त्यामुळे इथे काम करणारे जाणकार कोष्टकाच्या कडेपर्यंत जात नाहीत. हाताशी असलेल्या मिनिटांतली काही आपणहून सोडून देतात.

आता ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्या प्रवाळाकडे वळू. प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. हे शैवाल सूर्यप्रकाशात साखर बनवतं आणि तिचा मोठा हिस्सा यजमानाला देतं. वीस-तीस मीटरवर तांबडा प्रकाश उरतच नाही. पोहोचतो तो निळा-हिरवा, तोही मंद. काही जातींचे प्रवाळ अशा उजेडात झाडासारखे फांद्या फोडत वर जाण्याऐवजी ताटासारखे आडवे पसरतात, म्हणजे जास्तीत जास्त पृष्ठभाग उजेडाकडे राहतो. हे जमायचं तर पाणी स्वच्छ हवं. कोकण किनाऱ्यालगत खाड्यांचा गाळ समुद्रात येतो आणि पाणी गढूळ होतं. शंभर किलोमीटर आत तो पोहोचत नाही.

पण स्वच्छ पाणी म्हणजे उपाशी पाणी. त्यात नायट्रेट-फॉस्फेटसारखी पोषकं कमी, प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीवही कमी. मग त्यावर एवढी सजीवसृष्टी पोसते कशी? हा प्रश्न चार्ल्स डार्विन यांच्या नावाने ओळखला जातो. उत्तराचा एक भाग प्रवाळाच्या काटकसरीत आहे: शैवाल आणि प्राणी एकमेकांची उत्सर्जितं वापरून घेतात. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं, की प्रवाळातून पाण्यात झिरपणारे विरघळलेले पदार्थ कपारींतले स्पंज शोषून घेतात आणि आपल्या झडलेल्या पेशींच्या रूपाने ते इतर प्राण्यांच्या तोंडी देतात. दुसरा भाग खाली, अंधारात आहे. समुद्राच्या पोटात गरम हलक्या पाण्याखाली थंड जड पाण्याचा थर असतो आणि या दोहोंच्या सीमेवरूनही लाटा धावतात. पृष्ठभागावर त्यांचा मागमूस नसतो. भर समुद्रातल्या उंचवट्याच्या कडेला अशी लाट आपटली, की खालचं थंड, पोषक पाणी उतारावर चढतं. म्हणूनच जगभरच्या अशा उंचवट्यांवर प्रवाह जिथे येऊन धडकतो त्या कडेला प्लवक खाणाऱ्या लहान माशांचे थवे दाट असतात आणि त्यांच्यामागे मोठे शिकारी. डायव्हरला ज्या ओढीची धास्ती वाटते, तीच या प्रवाळाचं जेवण आणते.

हे पठार बुडालेलं का, याचा संबंध हिमयुगाशी आहे. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळपास 120 मीटर खाली होती. आज वीस मीटरवर असलेला माथा तेव्हा शंभर मीटर उंच उघडी टेकडी असणार. नंतर बर्फ वितळलं. काही शतकं तर पाणी वर्षाला चार सेंटिमीटर या गतीने चढत होतं. प्रवाळभित्ती वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर वाढते. ज्या भित्तींना ही शर्यत झेपली त्या आज पृष्ठभागाशी आहेत, लक्षद्वीपसारख्या. बाकीच्या मागे राहिल्या.

लक्षद्वीपचं नाव निघालं, तर तिथली गोष्टही सांगायला हवी. 1998, 2010 आणि 2016 मध्ये समुद्र प्रमाणाबाहेर तापला, प्रवाळाने आपलं शैवाल बाहेर टाकलं आणि तो पांढरा पडला. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घकाळच्या नोंदींनुसार 1998 मध्ये सुमारे 37 टक्के असलेलं जिवंत प्रवाळाचं आच्छादन 2022 पर्यंत 19 टक्क्यांच्या आसपास आलं. हे आपल्याला कळलं, कारण कुणीतरी चोवीस वर्षं त्याच जागी परत परत उतरत राहिलं. 2023 पासून जगभर पसरलेल्या विरंजनाच्या, म्हणजे प्रवाळ असा पांढरा पडण्याच्या, लाटेत तर पृथ्वीवरच्या 84 टक्के प्रवाळक्षेत्राला घातक उष्णता सोसावी लागली. दूर असल्यामुळे प्रवाळ गाळापासून आणि सांडपाण्यापासून वाचतो. उष्णतेपासून वाचत नाही.

अंग्रियावर 2019 च्या अखेरीस कोचीच्या सागरी सजीव संसाधन व परिसंस्था केंद्राच्या ‘सागर संपदा’ जहाजावरून वेगवेगळ्या संस्थांच्या संशोधकांची मोहीम गेली. कायद्याचं कवच मात्र अवघड आहे. वन्यजीव कायद्याखाली अभयारण्य करता येतं ते किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, ते किनाऱ्याला लागूनच. अंग्रिया त्या रेषेच्या कितीतरी पलीकडे, देशाच्या सागरी अनन्य आर्थिक क्षेत्रात (ईईझेड) येतं. तिथे 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली केंद्रानेच ते निर्दिष्ट क्षेत्र म्हणून जाहीर करावं लागतं. महाराष्ट्राने 2020 मध्ये तसा प्रस्ताव मान्य केला. मला हे रक्षण मनापासून हवं आहे, आणि पर्यटकांच्या डायव्हिंग बोटी तिथे जाण्याआधी हवं आहे.

आणि त्याच्या जोडीला हव्यात नोंदी. पंचवीस मिनिटांत दोन डायव्हर पन्नास मीटरची टेप अंथरून दर मीटरला एक फोटो घेऊ शकतात. त्याच जागी खुणेची सळई ठेवली, तर पुढच्या वर्षी तीच रेघ पुन्हा सापडते. पण डायव्हर जाणार ऑक्टोबर ते मे. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोल पाणी वर येतं ते नैऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत, दक्षिणेला जोरात आणि कोकणाकडे थोडं कमी. ते पाणी थंड असतं, त्यात ऑक्सिजनही कमी असतो. प्रवाळाला उन्हाळ्याच्या तापानंतर त्याने दिलासा मिळतो की दुसराच ताण पडतो, हे जून ते सप्टेंबरचे आकडे हाती आल्याशिवाय ठरणार नाही. त्यासाठी मुठीत मावणारे तापमापक वीस, तीस आणि चाळीस मीटरवर एकेक बांधून ठेवावे लागतील. त्यांची बॅटरी वर्षभर सहज टिकते. पावसाळा संपला की ते काढून आणायला दोन डायव्हर आणि एक फेरी पुरते.