दारूबंदीच्या जिल्ह्यात वाइनचा रंग

वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. अलीकडे चंद्रपूर जिल्हा, इथली दारूबंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. पलीकडे गडचिरोली, तिथे १९९३ पासूनची बंदी अजून कायम आहे. म्हणजे हल्ली मोबाइलवर दिसतं तसं रेड वाइनने चित्र काढायचं म्हटलं तर अलीकडे ती कला, आणि बाटली घेऊन पूल ओलांडला की गुन्हा. वडसा हे झाडीपट्टी नाटकांचं गाव, रंगवलेल्या पडद्यांचं त्याला वावडं नाही. पण वाइनची चित्रं तिथे मोबाइलवरच बघायची.

मोबाइलवर हा प्रकार नवीन म्हणून दाखवतात. तो तसा बराच जुना आहे. रोमन लेखक प्लिनी पहिल्या शतकात लिहून गेला, की अथेन्सचे चित्रकार पॉलिग्नोटस आणि मिकॉन द्राक्षाच्या चोथ्यापासून काळा रंग करत. हे दोघे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातले. प्लिनीच्या आधी रोमन वास्तुकार विट्रुव्हियसने तर कृतीच दिली आहे: वाइनच्या तळाचा गाळ वाळवायचा, भट्टीत जाळायचा, मग सरसात खलायचा. वाइन जितकी चांगली तितका काळा रंग निळीकडे झुकतो, असंही तो सांगतो. (एवढ्या चांगल्या वाइनचा गाळ उरेपर्यंत चित्रकार शुद्धीवर राहत असेल का, हा आपला प्रश्न.) पुढे बाराव्या शतकात थिओफिलस या साधूने काटेरी झाडाच्या सालीचा काढा आटवून त्यात वाइन घालायची, अशी शाईची कृती लिहून ठेवली.

यात मेख अशी, की वाइनच्या लाल रंगावर यातल्या कुणाचीच भिस्त नव्हती. भरवसा होता तो कोळशावर आणि झाडाच्या सालीतल्या तुरटपणावर. लाल रंग येतो द्राक्षाच्या सालीतल्या अँथोसायनिनमुळे, आणि हे द्रव्य मोठं लहरी. आंबटात लाल, चुन्याशी गाठ पडली की निळसर, हिरवट. आजच्या बऱ्याच कागदांत चुनखडी असते, म्हणून लालभडक फराटा वाळता वाळता करडा पडतो. रंगाला अक्षरशः चुना लागतो. त्यापुढे ऊन आणि हवा त्याला तपकिरी करतात. म्हणून वाइनने रंगवणारे ती मंद आचेवर आटवून घट्ट करतात, एक थर वाळला की दुसरा देतात, आणि शेवटी हाती येणारा जुन्या फोटोसारखा तपकिरी रंग गोड मानून घेतात.

हेच द्रव्य आपल्या जांभळात आहे, आणि जांभळाला परवाना लागत नाही. मृगाच्या सुमारास गावातल्या पोरांच्या जिभा बघाव्यात. गेल्या वर्षी पाटीभर जांभळं कुस्करून, रस गाळून, मी ब्रशने ड्रॉइंगच्या कागदावर एक बैल काढला आणि उरलेल्या रसाचा फराटा चुना दिलेल्या ओट्याच्या भिंतीवर ओढला. कागदावरचा बैल जांभळाच राहिला. भिंतीवरचा फराटा डोळ्यांदेखत निळा झाला, मग शेवाळासारखा. पाहायला आलेल्या काकूंनी विचारलं, "बिब्ब्यानं काहून नाही काढलं? धोब्याची खूण कधी गेली का धुण्यात?"

पोळ्यापर्यंत भिंतीवर नुसता मळका डाग उरला होता. काकूंना त्याचं काही नव्हतं, सणाला चुना मारायचाच होता.