पार्श्वभूमी : एमपीएच आणि १९८९ चा गोव्यातला खटला

बीडीएस, नर्सिंग किंवा समाजकार्य करून एमपीएचला, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जाणाऱ्या मुलांना घरी हमखास विचारतात, "म्हणजे डॉक्टरच ना?" हा गोंधळ जुना आहे. पणजीत १८४२ ला वैद्यकीय शाळा निघाली, तिथले डॉक्टर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत नोकरीला गेले. तिकडे कोलकात्यात १९३२ ला सार्वजनिक आरोग्याची स्वतंत्र संस्था उभी राहिली. गोवा मुक्तीनंतर पणजीच्या शाळेचे महाविद्यालय झाले आणि हा विषय एमबीबीएसच्या मुलांना मांडूरच्या ग्रामीण केंद्रात भेटू लागला. एमडी कम्युनिटी मेडिसिन, म्हणजे याच विषयातली डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी, एमबीबीएसनंतरच करता येते. एमपीएचला बहुतेक ठिकाणी इतर पदवीधरही चालतात. तिरुवनंतपुरमला हा अभ्यासक्रम १९९७ ला सुरू झाला.

पण आरोग्य म्हणजे फक्त वैद्यक नव्हे, हे गोव्याला त्याआधीच कळायला हवे होते. १९८९ च्या फेब्रुवारीत, नेहमी रक्तदान करणाऱ्या एका तरुणाला पोलिसांकरवी बोलावून घेतले गेले. रक्तात एचआयव्ही सापडला होता. तो धडपणे हिंडत-फिरत होता, पण १९८५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एड्ससाठी घातलेल्या कलमानुसार त्याला वेगळे ठेवणे भाग होते. क्षयरोग्यांच्या जुन्या, वापरात नसलेल्या इस्पितळात त्याचे ६४ दिवस गेले. आई उच्च न्यायालयात गेली. खटला चालू असतानाच कायद्यातले 'ठेवलेच पाहिजे' जाऊन 'ठेवता येईल' आले. मात्र वर्षअखेरीच्या निकालात सरकारचा हा अधिकार कायम राहिला. व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित यांत झुंपली तर समाजाचे हित वरचढ, असे न्यायालयाने म्हटले. अशाने लोक तपासणीलाच येणार नाहीत, हा युक्तिवादही मांडला गेला होता. तो धोरणाचा प्रश्न, त्यात आम्ही पडणार नाही, असे उत्तर मिळाले.

निकालाच्या बाजूने एवढेच म्हणता येईल की तेव्हा औषध हाताशी नव्हते आणि भीती मोठी होती. पण हा आजार शेजारी बसल्याने किंवा एका ताटात जेवल्याने होत नाही, हे १९८९ ला माहीत होते. मग माणूस कोंडून नक्की कोणाचे रक्षण झाले? आरोग्य कायदा आणि नीतिमत्ता शिकवताना हा खटला आजही पुढे येतो. पुण्या-मुंबईच्या वर्गात गोव्याची मुले तो बरेचदा पहिल्यांदाच ऐकतात, हे मला विशेष वाटते. संमतीशिवाय एचआयव्ही तपासणी करायची नाही, हे देशाच्या कायद्यात यायला २०१७ उजाडले.

त्याच वर्षीच्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना सार्वजनिक आरोग्याचे वेगळे केडर, म्हणजे त्या कामाच्या अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग, उभारायला सांगितले आणि २०१८ ला केंद्राने एमपीएचचा नमुना अभ्यासक्रम काढला. कोविडनंतर एमपीएचची विचारणा वाढली. गोव्यात कामाला तोटा नाही. बांधकामावरच्या मजुरांना मलेरियाच्या तपासणीनंतर मिळणारे हेल्थ कार्डच घ्या. रक्ताचा थेंब काचेवर घेणे हा त्यातला सोपा भाग. कार्ड नसेल तर जबाबदार मजूर की ठेकेदार, आणि तपासणीला येण्यात मजुराची रोजी बुडाली तर ती कोण भरणार, हे प्रश्न एमबीबीएसच्या पुस्तकात सुटत नाहीत. एमपीएच झालेल्यांना मात्र सरकारी कार्यक्रमांत अजूनही बहुतेक कंत्राटी जागाच मिळतात.