लेमिंग आत्महत्या करत नाहीत

लेमिंग हे उत्तर ध्रुवाकडचे, उंदरासारखे छोटे प्राणी. ते कळपाने कड्यावरून उड्या मारून जीव देतात, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलो. हे खरं नाही. संख्या फार वाढली की ते नव्या जागेच्या शोधात निघतात, वाटेतली नदी-तळी पोहून जातात. त्यात काही बुडतात.

समज जुनाच, पण तो लोकांच्या मनात पक्का बसवला डिस्नेच्या १९५८च्या ‘व्हाइट विल्डरनेस’ने. चित्रीकरण कॅनडातल्या अल्बर्टातलं, आणि त्या भागात लेमिंग राहतच नाहीत! ते मॅनिटोबाहून आणले होते. कड्यावरून त्यांनी उड्या मारल्या नव्हत्या, त्यांना खाली ढकललं होतं. मुक्या जिवांशी केलेली ही क्रूरता मला अक्षम्य वाटते. याच माहितीपटाला ऑस्कर मिळालं. बनाव उघड केला तो कॅनडाच्याच सीबीसी वाहिनीने, १९८२मध्ये.