शेगडी न पेटवता शिजणारं पुडिंग

काचेच्या खोल भांड्याच्या तळाशी गोल व्हॅनिला वेफर, म्हणजे छोटी कुरकुरीत बिस्किटं, त्यांवर केळ्याच्या चकत्या, त्यांवर पिवळसर, दाटसर पुडिंग. मग पुन्हा वेफर, पुन्हा केळी, पुन्हा पुडिंग आणि सगळ्यात वर फेटलेल्या क्रीमचा पांढराशुभ्र थर. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत चर्चमधलं सामुदायिक जेवण असो, कुटुंबाचा मेळावा असो की बार्बेक्यू, शेवटी हे बनाना पुडिंग हमखास येतं. टेनेसी राज्यातल्या सेंटरव्हिल या गावात तर त्याचा महोत्सव भरतो. खरं तर केळं त्या भागातलं पीक नव्हे. ते मध्य अमेरिकेतून जहाजाने न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात यायचं आणि तिथून बर्फ भरलेल्या डब्यांतून आगगाडीने उत्तरेकडे जायचं. केंटकी आणि टेनेसीच्या सीमेवरचं फुल्टन हे छोटं गाव या गाड्यांत नव्याने बर्फ भरण्याचं ठाणं होतं. 1960च्या दशकात तिथे केळ्यांचा महोत्सव सुरू झाला आणि त्यात टनभर वजनाचं बनाना पुडिंग बनू लागलं.

जुन्या पद्धतीत दूध, साखर, मैदा आणि अंड्यातला बलक शेगडीवर शिजवून कस्टर्ड करत आणि वर फेटलेला अंड्याचा पांढरा पसरून भांडं भट्टीत घालत. घरोघरी आता जी कृती जास्त चालते तिच्यात भट्टी नाही, शेगडीही नाही. 397 ग्रॅमचा कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, दीड कप गार पाणी, झटपट व्हॅनिला पुडिंगचं 96 ग्रॅमचं पाकीट, 2 कप क्रीम, 3 केळी आणि साधारण 36 वेफर. कालवा, फेटा, थर लावा, फ्रिजमध्ये ठेवा. न्यूयॉर्कमध्ये 1996 साली सुरू झालेल्या मॅग्नोलिया बेकरीने जे बनाना पुडिंग जगभर गाजवलं तेही याच घराण्यातलं.

कृती इतकी सोपी की यात विज्ञान कसलं, असं वाटावं. पण न शिजवलेलं पीठ दुधात कालवलं तर ते तळाशी बसतं, घट्ट होत नाही. मग हे पुडिंग पाच मिनिटांत घट्ट होतं ते कशामुळे? आणि कडक बिस्किटाचा रात्रीतून केक होतो तो कुठल्या आचेवर?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाकिटात आहे. त्यातला स्टार्च कारखान्यात आधीच शिजवून वाळवलेला असतो. मक्याच्या स्टार्चचे दाणे गार पाण्यात नुसते भिजतात. तापमान 62 ते 72 अंश सेल्सिअसच्या घरात गेलं की त्यांची आतली घट्ट रचना मोडते, ते पाणी शोषून टरारून फुगतात, त्यांच्यातले लांब रेणू बाहेर येतात आणि सगळं मिश्रण दाट होतं. झटपट पुडिंगसाठी हा सगळा प्रकार आधी उरकून घेतात आणि मग शिजलेला स्टार्च वाळवून त्याची पूड करतात. रचना एकदा मोडलेली असल्यामुळे या पुडीला पुन्हा फुगायला उष्णता लागत नाही, गार पाणीही पुरतं. थोडक्यात, पुडिंग शिजलेलंच आहे, फक्त ते तुमच्या स्वयंपाकघरात शिजलं नाही.

पण पाकिटात आणखी एक घटक असतो, आणि माझ्या मते खरी गंमत त्याच्यात आहे: फॉस्फेट क्षार. दुधातलं मुख्य प्रथिन केसीन हे बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असतं आणि त्या गोळ्यांना कॅल्शियमने बांधून ठेवलेलं असतं. फॉस्फेट या कॅल्शियमच्या व्यवस्थेत ढवळाढवळ करतं. गोळ्यांमधलं केसीन थोडं मोकळं होतं, एकमेकांत गुंततं आणि त्याचं सैलसर जाळं तयार होतं. स्टार्चने आणलेल्या दाटपणाला या जाळ्याने पकड मिळते, म्हणून पुडिंग चमच्यावर ठरतं. हेच पाकीट सोयाबीन किंवा बदामाच्या दुधात घातलं तर मिश्रण पातळच राहतं आणि लोकांना वाटतं पाकीट जुनं असणार. पाकिटाचा दोष नाही. त्या दुधांत केसीनच नसतं, तर जाळं विणायचं कशाचं?

या जाळ्याचा एक स्वभाव लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते बसत असताना ढवळत राहिलात तर ते तुटतं आणि पुन्हा तितकं नीट जुळत नाही. म्हणून दोन मिनिटं जोमाने फेटायचं आणि मग भांडं फ्रिजमध्ये ठेवून त्याला हात लावायचा नाही. चव बघायची तर स्वच्छ चमच्याने, आणि तोंडात घातलेला चमचा परत भांड्यात बुडवायचा नाही. हा नियम फक्त शिष्टाचाराचा नाही. लाळेत अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं आणि स्टार्चचे लांब रेणू कापणं हेच त्याचं काम. त्याचा थोडासा अंशही काही तासांत पुडिंग सैल करू शकतो, आणि पुढे कुठेच उष्णता लागणार नसल्याने त्याला निष्क्रिय करायची सोय या कृतीत नाही. शेगडीवरच्या जुन्या कस्टर्डलाही हाच रोग जडतो, फक्त तिथलं अमायलेज अंड्याच्या बलकातून येतं. नीट उकळी न आणता उतरवलेलं कस्टर्ड संध्याकाळी छान दाट असतं आणि सकाळी पातळ झालेलं सापडतं, ते यामुळेच.

कंडेन्स्ड मिल्कबद्दल थोडक्यात. दूध आटवण्याच्या ज्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेतल्या गेल बोर्डन यांना 1856 मध्ये मिळालं, तिच्यातूनच पुढे आलेलं हे गोड, आटवलेलं दूध. त्यातलं जवळपास 60 टक्के पाणी काढून टाकलेलं असतं आणि वजनाच्या साधारण 45 टक्के साखर असते. या कृतीत ते दूध, साखर आणि दाटपणा तिन्ही एकदम आणतं. केसीनही त्याच्यातूनच येतं, म्हणून वरून दुधाऐवजी पाणी घातलं तरी पुडिंग जमतं.

आता क्रीम. फेटताना त्यात हवेचे बुडबुडे शिरतात, पण हवा कोंडून ठेवण्याचं काम करतात ते मेदाचे सूक्ष्म गोल. क्रीममध्ये मेद 30 टक्क्यांच्या खाली असेल तर कितीही फेटा, ते उभं राहत नाही. 36 टक्क्यांच्या आसपास असेल तर सहज राहतं. फ्रिजमधल्या तापमानाला त्या गोलांतला बराचसा मेद स्फटिकरूपात घट्ट असतो आणि थोडा द्रव असतो. फेटण्याच्या माराने गोलांवरचं पातळ आवरण फाटतं, स्फटिकांची टोकं बाहेर येतात, शेजारच्या गोलात घुसतात, आणि गोल एकमेकांना चिकटून बुडबुड्याभोवती भिंत उभी राहते. ते पूर्ण एकजीव मात्र होत नाहीत, कारण आतले स्फटिक त्यांचा आकार धरून ठेवतात. या अर्धवट चिकटण्यावरच सगळा डोलारा उभा असतो. क्रीम कोमट असेल तर मेद वितळलेला असतो, गोल सरळ एकमेकांत मिसळतात आणि भिंत उभीच राहत नाही. गार क्रीमही जास्त फेटलं तर चिकटणं हाताबाहेर जातं. फेस आधी रवाळ दिसू लागतो, मग भांड्याच्या कडेला पाणी सुटतं आणि लोणी होतं. रवाळ दिसू लागलं की तिथेच थांबून थोडं गार, न फेटलेलं क्रीम हलक्या हाताने मिसळावं. बहुतेक वेळा डाव सावरतो. पुडिंगचं मिश्रण पूर्ण गार आणि घट्ट झाल्यावरच हे क्रीम त्यात मिसळायचं. तेही एक तृतीयांश क्रीम आधी घालून मिश्रण सैल करायचं आणि मग उरलेलं, खालून वर उलटत. एकदम ढवळलं तर इतका वेळ कोंडलेली हवा निघून जाते.

यानंतर थर लागतात, आणि माझ्या दृष्टीने पुडिंग खऱ्या अर्थाने शिजायला इथून सुरुवात होते. वेफरमध्ये पाणी जेमतेम दोन-चार टक्के असतं. इतक्या कमी पाण्यात त्यातली साखर आणि स्टार्च काचेसारख्या गोठलेल्या स्थितीत असतात. रेणूंना हलायला जागाच नसते, म्हणून वेफर वाकत नाही, कट्कन मोडतो. त्याला खेटून असलेल्या पुडिंगमध्ये आणि केळ्यात मात्र मोकळं पाणी भरपूर असतं. पाणी नेहमी जिथे ते जास्त मोकळं असतं तिथून कमी मोकळं असतं तिथे जातं, दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत. वेफरच्या बारीक छिद्रांतून ते आधी भराभर शिरतं, मग कणाकणाने झिरपत आत सरकतं. दोन रेणूंच्या मध्ये पाणी शिरलं की त्यांना हालचाल करता येते, काचेसारखी स्थिती मोडते आणि वेफर मऊ पडतो. एरवी सादळलेलं बिस्किट आपण नाक मुरडून बाजूला ठेवतो. इथे त्याला मुद्दाम सादळवायचं असतं.

तासाभराने एखादा वेफर काढून मधोमध कापून पाहा. कडेला ओलसर, गडद कडं दिसतं आणि मध्ये फिकट, कोरडा गाभा. चार तासांनी गाभा जवळपास नाहीसा होतो. रात्रभर ठेवलं तर वेफर स्पंज केकसारखा दाबला जातो, तरी त्याचा आकार शाबूत असतो. त्याचा लगदा होत नाही याचं कारण बिस्किटाच्या पिठात आहे. त्या पिठात पाणी इतकं कमी असतं की भट्टीत भाजूनही त्यातले स्टार्चचे बरेचसे दाणे फुगतच नाहीत, आणि नंतर फ्रिजच्या गारव्यात ते फुगण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय बिस्किटातलं तूप-तेल पाण्याची वाट थोडी अडवतं.

या व्यवहाराची दुसरी बाजू सहसा कुणी सांगत नाही. वेफरने घेतलेलं पाणी पुडिंगचंच असतं, त्यामुळे वेफर मऊ होताना पुडिंग आणखी घट्ट होत जातं. वेफर कमी घातले तर पुडिंग ओघळतं, जास्त घातले तर कोरडं लागतं. 36 हा आकडा काही पवित्र नाही, पण त्याच्या आसपास राहावं. आणि ‘किमान चार तास थंड करा’ ही सूचना म्हणजे नुसतं गार करण्यासाठी दिलेला वेळ नव्हे. गार व्हायला पुडिंगला तेवढा वेळ लागत नाही, पाण्याला जागा बदलायला लागतो.

उरलं केळं. सगळ्या भांड्यात जिवंत पेशी फक्त त्याच्यात असतात, त्यामुळे त्याचे लाडही सगळ्यात जास्त. हिरव्या केळ्याच्या गरात 20 ते 25 टक्के स्टार्च असतो. पिकताना केळं स्वतःच इथिलीन वायू सोडतं, त्या इशाऱ्यावर विकरं कामाला लागतात आणि पूर्ण पिकेपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के स्टार्च शिल्लक राहतो, बाकीच्याची साखर होते. पेशींना जोडून ठेवणारं पेक्टिनही विरघळू लागतं, म्हणून गर मऊ होतो. वास येतो तो बऱ्याच अंशी आयसोअमाइल अॅसिटेट या रसायनाचा. मधमाश्या धोक्याचा इशारा देताना जे रसायन सोडतात त्यातही हेच असतं, म्हणून मधपाळ पोळ्याजवळ केळं खाणं टाळतात. पुडिंगसाठी साल पूर्ण पिवळी आणि तिच्यावर तुरळक तपकिरी ठिपके, ही अवस्था मला सगळ्यात योग्य वाटते. हिरवट देठाचं केळं घालून ते पुडिंगमध्ये पिकेल अशी आशा धरू नये. 13 अंशांच्या खाली केळ्याचं पिकणं बिघडतं आणि फ्रिजमध्ये तर ते जवळपास थांबतंच. अख्खं केळं फ्रिजमध्ये ठेवल्यावर साल काळी पडते ती याच थंडीच्या इजेमुळे, पण आतला गर बहुधा चांगला असतो.

चकत्या काळ्या पडण्याचं कारण वेगळं. केळ्यात डोपामिन हे रसायन चांगलं भरपूर असतं, आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज हे विकरही असतं. पेशीत दोघं वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. सुरीने कप्पे फुटतात, हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो आणि तपकिरी रंगद्रव्य तयार होऊ लागतं. लिंबाचा रस या विकराला दोन बाजूंनी गाठतो: आम्लामुळे त्याचं काम मंदावतं, आणि क जीवनसत्त्व मधल्या टप्प्यावरच्या पदार्थांना रंग येण्याआधीच मागे फिरवतं. ते जीवनसत्त्व संपलं की रंग यायला लागतोच, त्यामुळे लिंबाने वेळ मिळतो, कायमचा बंदोबस्त होत नाही. सुरी धारदार हवी, बोथट सुरी कापण्याऐवजी चेंगरते आणि जास्त पेशी फोडते. चकत्या चांगल्या अर्धा इंच जाड ठेवाव्यात. पण सगळ्यात परिणामकारक उपाय म्हणजे हवाच बंद करणं. प्रत्येक चकती पुडिंगखाली पूर्ण झाकली गेली पाहिजे. सजावटीसाठी सगळ्यात वर केळी लावायचीच असतील तर ती वाढण्याच्या क्षणी कापावीत.

तयार पुडिंग खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नये, दुधाच्या पदार्थात जंतू झपाट्याने वाढतात. फ्रिजमध्ये ते सगळ्यात चांगलं लागतं दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवसापासून भांड्याच्या तळाशी पाणी दिसू लागतं, कारण गोड पुडिंग चकत्यांमधला रस ओढून घेत असतं आणि स्टार्चचे रेणूही हळूहळू जवळ येऊन धरलेलं पाणी सोडत असतात. उरलं म्हणून ते फ्रीझरमध्ये टाकण्यात अर्थ नाही. बर्फाचे स्फटिक केळ्याच्या पेशी फोडतात आणि स्टार्चचं पाणी सोडणं आणखी वाढवतात, त्यामुळे बाहेर काढल्यावर पातळ पाण्यात तरंगणाऱ्या काळपट चकत्याच हाती येतात. मेजवानी परवा असेल तर पुडिंगचं मिश्रण आज करून झाकून ठेवावं, आणि क्रीम, केळी आणि वेफर उद्या रात्री घ्यावेत.