जॅक्सनव्हिलची साठ बाळं: न झालेल्या एका अभ्यासाची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, २००४ च्या ऑक्टोबरमध्ये एक अभ्यास जाहीर केला, नाव चीअर्स. फ्लोरिडातल्या ड्युव्हल काउंटीमधली, म्हणजे जॅक्सनव्हिल शहर आणि आजूबाजूची, तीन वर्षांच्या आतली ६० मुलं घ्यायची आणि दोन वर्षं त्यांच्या घरातलं काय काय त्यांच्या अंगात जातंय ते मोजायचं. सहा महिन्यांत तो रद्दही झाला. तेव्हा ईमेलवरून फिरलेली गोष्ट अशी की सरकार गरिबांच्या बाळांना कीटकनाशक पाजून बघणार होतं. तसं काही नव्हतं, कोणाला काही पाजायचं नव्हतं. पण लोक एवढे का भडकले हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं, आणि माझं मत आधीच सांगून टाकते की भडकणारे अगदीच चुकीचे नव्हते.

सुरुवात हवेपासून. १९८० च्या आसपास ईपीएच्याच लोकांनी न्यू जर्सीसारख्या केमिकल कारखान्यांच्या भागात माणसांच्या अंगावर हवा मोजायची यंत्रं लावून त्यांना दिवसभर फिरवलं. अपेक्षा होती की कारखान्याजवळ राहणाऱ्यांचे आकडे जास्त येणार, आणि आलं भलतंच, बेन्झीनसारख्या कित्येक रसायनांचं प्रमाण बाहेरपेक्षा घरातच जास्त! रंग, सिगरेट, ड्रायक्लीन केलेले कपडे, सॉल्व्हंट, सगळं घरातच. मग १९८६ ते ८८ मध्ये हाच प्रयोग कीटकनाशकांसाठी झाला, ३२ रसायनं, दोन ठिकाणं: एक मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड आणि दुसरं आपलं हेच जॅक्सनव्हिल. फ्लोरिडाची हवा दमट आणि गरम, झुरळं, वाळवी, पिसवा बारा महिने, त्यामुळे फवारणीही बारा महिने. तिथले आकडे मॅसॅच्युसेट्सच्या कितीतरी वर गेले आणि इथेही घराबाहेरपेक्षा घरात जास्त. शिवाय कार्पेटच्या धुळीत अशी रसायनं सापडली जी बाहेर उन्हापावसात कधीच विरून गेली असती. घरात ऊन नाही पाऊस नाही, ती बसून राहतात.

आणि कार्पेटवर रांगतं कोण?

मुद्दा खरा इथे सुरू होतो. मोठा माणूस जमिनीपासून पाच फुटांवर श्वास घेतो, बाळ चार-सहा इंचांवर. हात जमिनीला, हात तोंडात, खेळणं जमिनीवर, खेळणं तोंडात. वजनाच्या हिशोबात बाळ आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतं, जास्त दूध-पाणी पितं, आणि लिव्हर अजून कच्चं. पण १९९० पर्यंत बहुतेक नियम ठरायचे ते सत्तर किलोच्या पुरुषाचा हिशोब मांडून. शिशाच्या बाबतीत हा धडा आधी मिळाला होता खरं तर, हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यातलं शिसं मोजलं आणि दाखवलं की वरून ठणठणीत दिसणाऱ्या मुलांमध्येही जास्त शिसं म्हणजे कमी बुद्ध्यांक. शिसं कंपन्यांनी त्यांना वर्षानुवर्षं छळलं तो वेगळा विषय.

कीटकनाशकांसाठी असा क्षण आला १९९३ मध्ये. फिलिप लॅन्ड्रिगन यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय समितीने अहवाल दिला की मुलं म्हणजे छोट्या साइझची मोठी माणसं नाहीत, आणि ती नक्की काय खातात, किती विष पोटात जातं याचा डेटाच धड नाही. त्यावरून १९९६ मध्ये क्लिंटन यांच्या सहीने नवा कायदा आला: मुलांसाठी सुरक्षिततेची मर्यादा आणखी दहापट कडक करा, आणि फक्त भाजीतलं नाही तर घरात फवारलेलं, पाण्यातलं, सगळं मिळून मोजा. पण त्यात एक वाक्य होतं आणि पुढची सगळी भानगड त्या वाक्यात आहे. विश्वासार्ह डेटा असेल तर ही दहापट अट कमी करता येईल!

झालं. आतापर्यंत मुलांच्या डेटाला कोणी विचारत नव्हतं, एका रात्रीत तो पैशाचा झाला. काही कंपन्यांनी तर मोठ्या माणसांना पैसे देऊन कीटकनाशक गिळायला लावण्याचे प्रयोग सुरू केले, आकडे खाली आणता यावेत म्हणून, आणि १९९८ मध्ये ते उघड झाल्यावर बोंबाबोंब झाली. चीअर्स जाहीर झाला तेव्हा लोकांच्या डोक्यात हे सगळं ताजं होतं, त्यामुळे "ईपीए, बाळं, कीटकनाशक, पैसे" एवढे चार शब्द एका ओळीत दिसले की पुढचं कोण वाचतंय.

दुसरीकडे चांगलं कामही जोरात चालू होतं. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात, जिथे स्ट्रॉबेरी आणि लेट्यूस पिकतं आणि तोडणारे मजूर बहुतेक मेक्सिकन, तिथे बर्कलीच्या ब्रेंडा एस्केनाझी यांनी सुमारे ६०० गरोदर बायका घेऊन त्यांच्या मुलांचा माग ठेवायला सुरुवात केली. न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठाने गरोदर बायकांच्या पाठीवर हवा मोजायच्या बॅगा दिल्या. मेक्सिकोच्या याकी खोऱ्यात एलिझाबेथ गिलेट यांनी चार-पाच वर्षांच्या पोरांना नुसतं "माणूस काढ" सांगितलं. डोंगराकडच्या मुलांनी डोकं-हात-पाय असलेला माणूस काढला आणि फवारणीच्या शेतीभागातल्या कित्येकांनी नुसत्या रेघोट्या. तो १९९८ चा पेपर. नंतर ग्रीनपीसने त्याच धर्तीवर भारतातल्या कापूसपट्ट्यात मुलांना खेळ देऊन तपासलं, त्यात आपलं यवतमाळही होतं. त्या चित्रांवर शास्त्रज्ञांनी शंकाही घेतल्या आहेत, लहान नमुना वगैरे, पण एकदा पाहिली की विसरता येत नाहीत.

जून २००० मध्ये ईपीएने क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाचा घरगुती वापर बंद करायचं ठरवलं, मग त्याच फॉस्फेट गटातल्या डायझिनॉनचा. त्यांच्या जागी घरोघरी आले पायरेथ्रॉइड, म्हणजे आपल्याकडे डासांच्या लिक्विड मशीनमध्ये, कॉइलमध्ये असतं त्याच कुटुंबातलं रसायन, जे आपण पाळण्याशेजारच्या प्लगमध्ये रात्रभर लावून झोपतो. आता प्रश्न असा की हे नवीन औषध तान्ह्या मुलांच्या अंगात किती जातं? तीन वर्षांखालचा डेटा जवळपास नव्हताच. म्हणून चीअर्स, आणि म्हणून जॅक्सनव्हिल, कारण जुने आकडे तिथले होते. इथपर्यंत सगळं लॉजिकल आहे.

आणि मग माती खाल्ली. कुटुंबं मिळवायला काढलेल्या पत्रकात अट अशी की घरात नियमित कीटकनाशक वापरत असाल तरच तुम्ही पात्र. डायपरमधून लघवीचे नमुने, फरशीचे पुसे, जेवणाचे नमुने, आणि बाळ दिवसभर काय करतं त्याचं शूटिंग आईबापांनीच करायचं. पूर्ण दोन वर्षं टिकलात तर ९७० डॉलर, वर कॅमकॉर्डर तुमचा, बाळाला बिब, टीशर्ट आणि फ्रेम केलेलं सर्टिफिकेट. कुटुंबं शोधायची सरकारी दवाखान्यांमधून, म्हणजे येणारे बरेचसे गरीब, बरेचसे कृष्णवर्णीय. आणि यावर कळस म्हणजे केमिकल कंपन्यांच्या संघटनेकडून २० लाख डॉलर, ज्यातून प्लास्टिकमधली थॅलेट्स आणि फर्निचरमधली आग रोखणारी रसायनंही मोजायची होती. ज्यांचा माल त्यांचेच पैसे, आणि डेटा चांगला निघाला तर दहापट अट शिथिल करायला वापरता येईल असा. संशय नाही येणार तर काय?

ईपीएचं म्हणणं होतं की आम्ही कोणाला फवारा असं सांगत नाही, जे आधीच वापरतात त्यांचं फक्त निरीक्षण करतोय. खरंय. पण ज्या घरात हातखर्चाची ओढाताण आहे तिथे ९७० डॉलरसाठी फवारणी चालू ठेवली जाणार नाही असं कोण छातीठोक सांगेल? आणि मोजणाऱ्याला दिसलं की या बाळाचे आकडे भयंकर आहेत तर तो आईला सांगणार की वहीत लिहून पुढे जाणार? हा प्रश्न हवेतला नव्हता. बाल्टिमोरमध्ये नव्वदच्या दशकात केनेडी क्रीगर इन्स्टिट्यूटने शिशाचा रंग कमी-जास्त काढलेल्या घरांमध्ये लहान मुलांच्या कुटुंबांना ठेवून मुलांच्या रक्तातलं शिसं मोजलं होतं, आया कोर्टात गेल्या की धुळीत शिसं सापडलेलं आम्हाला वेळेवर सांगितलंच नाही, आणि २००१ मध्ये मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची तुलना थेट टस्कीगीशी केली, जिथे कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस उपचार न करता चाळीस वर्षं नुसता बघितला गेला. या निकालानंतर तीन वर्षांत ईपीएने हे पत्रक काढावं याला काय म्हणायचं मला तरी कळत नाही.

नोव्हेंबर २००४ मध्ये अभ्यास फेरविचारासाठी थांबवला. २००५ मध्ये बुश यांनी स्टीफन जॉन्सन यांना ईपीएचे प्रमुख म्हणून नेमायचं ठरवलं, तेव्हा बार्बरा बॉक्सर आणि फ्लोरिडाचेच बिल नेल्सन या दोन सेनेटरांनी अडवून धरलं की आधी हा अभ्यास रद्द करा, आणि ८ एप्रिलला जॉन्सन यांनी तो रद्द केला, वर अभ्यासाबद्दल अपप्रचार झाला अशी तक्रार करून. २००६ मध्ये नियम आला की मुलांना किंवा गरोदर बायकांना मुद्दाम कीटकनाशकाचा डोस देऊन केलेलं संशोधन चालणार नाही. गंमत म्हणजे चीअर्समध्ये मुद्दाम डोस नव्हताच, म्हणजे हा नियम त्याला लागूच झाला नसता! निरीक्षणाच्या अभ्यासांसाठी नीतिमत्तेची वेगळी मार्गदर्शक पुस्तिका ईपीएने २००८ मध्ये काढली, घरच्यांना धोका कधी आणि कसा सांगायचा हा प्रश्न त्यात हाताळलाय, म्हणजे जे आधी लिहायला हवं होतं ते चार वर्षांनी.

बाकी सलिनास आणि न्यूयॉर्कची मुलं मोठी होत गेली आणि २०११ मध्ये एकदम तीन पेपर आले, गर्भात असताना क्लोरपायरिफॉससारख्या फॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांचा संपर्क जास्त तर सात वर्षांच्या आसपास बुद्ध्यांक कमी. एक लाख मुलांचा राष्ट्रीय अभ्यास करायचं अमेरिकेने २००० मध्येच कायद्याने ठरवलं होतं, तो अब्जाहून जास्त डॉलर खर्चून २०१४ मध्ये गुंडाळला. आणि जॅक्सनव्हिलच्या त्या ६० घरांमधून पायरेथ्रॉइडचे जे आकडे मिळणार होते ते कोणालाच मिळाले नाहीत, ना कंपन्यांना, ना आयांना.